शेवटच्या माणसाचा पहारा

१२ नोव्हेंबर १८४३, आर्डलॅरिग

पोचलो एकदाचा! बूट फाटला, टोपी खिंडीत वाऱ्याने नेली, पण नोकरी लागली आणि तीही एका सरदाराच्या, अर्लच्या गढीत. आमच्या मास्तरांना कळलं तर त्यांच्या हातातली बाटली खाली पडेल. ते म्हणायचे, गिब टॉश, तुझ्या पायाला भिंगरी आणि डोक्यात भुसा, तू एकतर खलाशी होशील नाहीतर फासावर जाशील. खलाशी झालो, दोन मोसम देवमाशांमागे हिंडलो. गुरं हाकली, हेरिंग माशांची पिंपं भरली, एका अस्वलवाल्याचा ढोल वाजवला. अस्वल फार गरीब होतं. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

काल मार्टिनमसच्या सणाचा गडी-बाजार, वर्षाचे गडी ठरवायचा. आम्ही रिकामे गडी टोपीत गवताची काडी खोचून उभे आणि शेतकरी आमचे दंड चाचपत फिरतायत, बैल घ्यावा तसे. माझे दंड म्हणजे काठ्याच, दुपारपर्यंत कुणी विचारलं नाही. मग हा फर्कर आला. अर्लचा कारभारी, लाल दाढी, बोलणं हळू. त्याने दंड पाहिलेच नाहीत. आईबाप आहेत का, विचारलं. म्हटलं, नाहीत. भाऊबहीण? नाही. बायको, किंवा बायको होईल अशी कुणी? म्हटलं, हे बूट बघून कोण येईल मागे? तो हसला नाही. तुला काही झालं तर कुठल्या गावी कळवायचं? म्हटलं, कुठेच नको, टपाल वाचेल तुमचं. तेव्हा त्याने माझ्या टोपीतली काडी काढून मोडली, म्हणजे सौदा पक्का. शेजारचा दांडगा गडी ओरडला, कारभारी, या तंगड्या घेऊन काय पेरणार, बुजगावणं पाहिजे होतं का तुम्हाला? फर्कर म्हणाला, त्याला उभं राहता येतं, तेवढं पुरे.

गढी तळ्याच्या काठाला आहे, करडी, पुष्कळ धुराड्यांची. तळ्यात मधोमध एक छोटं बेट. स्वयंपाकीण मार्सली हिने सशाचा रस्सा वाढला, वर ओटच्या भाकऱ्या. मी चार खाल्ल्या. ती म्हणाली, खा रे सोन्या, खा, इथे कुणी मोजत नाही. चुलीशेजारी बिछाना, त्यावर धुतलेली चादर! चादरीवर मी याआधी एकदाच झोपलोय आणि तेव्हा गोवर आला होता.

१५ नोव्हेंबर

काम काय ते अजून समजत नाही. चुलीत जाळायच्या पीटच्या विटांची टोपली उचलली की कुणीतरी हातातून घेतं. घोड्याला खरारा करायला गेलो तर मोतद्दार म्हणाला, तू बस रे, दमशील. दमशील! मला हे आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही.

घरात माणसं थोडी. अर्लसाहेब, त्यांना सगळे नुसतं सरकार म्हणतात. साठीचे, उंच, फ्रेंचांच्या लढाईत एक कान गेलेला. बोलायचं तर दुसऱ्या बाजूला जाऊन बोलावं लागतं. काल अंगणात त्यांनी मला थांबवलं आणि जेवण पोचतं ना, असं विचारलं. मी म्हटलं, सरकार, असंच चाललं तर सदऱ्याची बटणं तुटतील. ते म्हणाले, शिवून घेऊ.

दुसऱ्या बाईसाहेब. त्या वर उत्तरेच्या खोलीत असतात. त्यांचा एकुलता एक मुलगा हेक्टर, जुलैमध्ये तापाने गेला. माझ्याच वयाचा. आज मार्सलीने मला त्यांच्या खोलीत दूध द्यायला पाठवलं. खिडकी सताड उघडी, शेगडीत राखसुद्धा नाही, अंगावर उन्हाळी पातळ झगा. बाईसाहेब खिडकीशी उभ्या होत्या. बसत नाहीत म्हणे, झोपतात तेवढंच. ओठ निळे. दुधाकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे मात्र पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. मी उगीच केस सारखे केले.

खाली येऊन मार्सलीला म्हटलं, खिडकी का नाही लावत कुणी, मरतील त्या. ती कणीक मळत होती. म्हणाली, लेक बाहेर गारठ्यात उभा असताना आई शेकोटीला कशी बसेल?

२० नोव्हेंबर

फर्करबरोबर बेटावर जाऊन आलो. मीच मागे लागलो, बसून बसून कंटाळलो होतो. तिथे अर्लच्या घराण्याची कबरस्तानाची जागा आहे. बिनछपराचं देवळासारखं काहीतरी, कबरींपाशी लावतात ती यूची चार झाडं, दगड. पावसात बर्फ मिसळलेला. फर्करने एक जाड लोकरीची शाल आणली होती, ती त्याने हेक्टरच्या दगडावर ठेवली. आधी ठेवलेल्या तिथेच भिजून पडल्या होत्या. बाईसाहेबांनी पाठवलेल्या.

आता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ज्याला शेवटी पुरलं त्याने कबरस्तानाचा पहारा करायचा, पुढचा येईपर्यंत. आमच्याकडे किनाऱ्यालाही म्हातारी माणसं हेच सांगतात. लहानपणी मी एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा चर्चच्या फाटकावर आलेल्या पाहिल्यात. एक विणकराची, एक लोहाराची. मागे पडेल तो पहाऱ्याला राहील म्हणून दोन्हीकडचे लोक पेट्या घेऊन पळत सुटले! लोहाराचा भाऊ ओरडतोय, अरे हाणा त्या विणकरांना! विणकराची बायको जोडे काढून धावतेय. शेवटी विणकर खड्ड्यात पडला, पेटीसकट, आणि पाद्रीबुवा भिंतीवर चढून दोन्ही पक्षांना शिव्या देत होते. मी हसून हसून लोळलो होतो. पण गावात काय, आठवड्याला एक तरी मरतोच. पहारा असा कितीसा?

इथे तसं नाही. बेटावर फक्त या घराण्याच्या नावाचा माणूस पुरतात, आणि या नावाची आता दोनच माणसं उरलीत. हेक्टरच्या आधी त्याची आजी होती. फर्कर म्हणाला, म्हातारीला हेक्टर जन्मायच्या आधी पुरलं. तो मेला तेव्हा सुटली.

मी म्हटलं, म्हणजे आता सरकार किंवा बाईसाहेब गेल्याशिवाय त्याची सुटका नाही? फर्करने वल्ही हातात घेतली. म्हणाला, बाईसाहेबांनी खाणं का सोडलंय, तुला काय वाटलं?

परत निघताना मी मागे पाहिलं. बेटाच्या धक्क्यावर कुणीतरी उभं होतं. दुपारची वेळ, चांगलं दिसत होतं. हात दोन्ही बाजूंना सरळ, केस कपाळाला चिकटलेले, शाल नाही. मी फर्करला म्हटलं, एक माणूस राहिला मागे. फर्करची बेटाकडे पाठ नव्हती, वल्हवणाऱ्याचं तोंड मागेच असतं. पण तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. घरी येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

मी घाबरलो असं नाही. फक्त आज बिछाना चुलीच्या आणखी जवळ ओढला.

२७ नोव्हेंबर

आज मजा झाली. मी आता गिब मॅकलॅरिग!

इकडची जुनी रीत आहे. दुष्काळात सरदार ओटच्या पिठाचं पोतं देतो आणि घेणारा त्याचं आडनाव लावतो, त्याच्या कुळाचा होतो. अर्ध्या खोऱ्याचे आजे-पणजे असेच पोत्यापायी मॅकलॅरिग झाले होते, पण ती मंडळी केव्हाच जहाजाने कॅनडाला गेली. आता जे आहेत ते मेंढपाळ, बाहेरून आणलेले. तर सरकारांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. मध्ये पोतं ठेवलेलं. म्हणाले, तुझं कुणी नाही आणि आमचंही कुणी उरलं नाही. आमचं नाव घेशील? मला तर हसूच आलं. टॉश या नावाने मला आजवर दिलं काय, तर शिव्या आणि गोवर. म्हटलं, सरकार, पोतं नसतं तरी घेतलं असतं.

मग सरकारांनी माझा हात पोत्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला, आणि तीन वेळा माझ्याकडून नाव म्हणवून घेतलं. खोऱ्यातले लोक आले होते. व्हिस्की झाली. गिरणीवाल्याने माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, बघा रे, काल बाजारातला मोडका दांडा, आज सरदाराचा नातलग! सगळे हसले. मग एकदम थांबले. धनगराच्या बायकोने माझ्या गालाला हात लावला आणि बाळ म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू. मी कुणाचाच नव्हतो आजपर्यंत.

मार्सली आली नाही. भांडी घासते म्हणाली.

३० नोव्हेंबर

उजव्या पायाच्या बोटांना काही कळत नाही. चुलीत धरली तरी. बूट फाटका आहे म्हणून असेल. सरकारांनी नवे बूट दिले, हेक्टरचे. बरोबर बसले.

बाईसाहेबांनी आज रस्सा प्यायला. सगळ्या घरात कुजबुज. मोतद्दाराने शीळ घातली.

४ डिसेंबर

दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर. चालता येतं, पण दुसऱ्याचे पाय उसने घेऊन चालावं तसं. काल निखारा उडून पावलावर पडला. मी वास आल्यावर पाहिला.

वर उत्तरेच्या खोलीत शेगडी पेटवली. जुलैनंतर पहिल्यांदा. खिडकी लावली. बाईसाहेब खुर्चीत बसल्या, बसल्या बसल्या झोपल्या.

दूध घेऊन गेलो तेव्हा जाग्या होत्या. म्हणाल्या, गिब, आता मला उबदार वाटतं रे. गालावर रंग होता. मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. मग मी जिना उतरलो आणि तळ्याकडच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. का ते माहीत नाही. फर्कर शोधत आला. किती वेळ उभा होतास, त्याने विचारलं.  खांद्यावर बर्फ साठला होता.

७ डिसेंबर

मार्सलीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी चुलीपाशी उभा होतो, बसलं की गुडघे पुन्हा सरळ होतात, म्हणून उभाच होतो. ती एकाएकी पळी आपटून ओरडली, अरे गाढवा, अरे मूर्खा, नाव घेतलंस तू त्यांचं! तुला कुणी शिकवलं नाही, सरदार जेवायला बोलावतो तेव्हा आधी विचारावं, जेवण कशाचं, लग्नाचं की मयताचं? ज्या दिवशी नाव घेतलंस त्या दिवशी बेटावरची तुझी जागा ठरली. पोराचा गारठा आईला लागला होता, आता तो तुला लागलाय. पुरता वर चढला की झालं.

मी म्हटलं, कुणी मारणार आहे का मला? ती म्हणाली, कोण मारतंय, सोन्या. कुणी बोटसुद्धा लावणार नाही.

म्हटलं, मीच का? ती म्हणाली, तू नाहीतर बाईसाहेब. आणि तू गेलास म्हणून कुणाच्या चुलीवरचं करपणार नाही, असं सरकार म्हणाले. मग रडली आणि मला भाकरीवर लोणी लावून दिलं.

मरणाचं एवढं नाही. जहाजावर पुष्कळ पाहिलं. पण उभं राहायचं. मी एका गावात दोन महिने टिकलेलो नाही. इंजिनाची गाडी बघायची राहिलीय. पोर्तुगालला झाडावर संत्री लागतात म्हणे, ती—

उद्या निघतो.

८ डिसेंबर

न्याहारी करून निघालो. उजेडात, सगळ्यांसमोर. कुणी अडवलं नाही.

पुलापाशी धनगराची बायको होती. म्हणाली, अगोबाई, गिब मॅकलॅरिग, या हवेत कुठे निघालास रे बाळा? गरम दूध दिलं. खांदे धरून मला वळवलं, लहान मुलाला वळवतात तसं. मी वळलो. थोड्या वेळाने पुन्हा खिंडीकडे तोंड केलं. मग गिरणीवाला भेटला. म्हणाला, चल, मीही तिकडेच चाललोय, आणि गढीपर्यंत सोबत आला. वाटभर त्याच्या मेहुण्याच्या डुकराची गोष्ट सांगितली. गोष्ट चांगली होती. निरोप घेताना त्याने टोपी काढली. माझ्यासाठी आजवर कुणी टोपी काढलेली नाही.

गिरणीवाला गेल्यावर तिसऱ्यांदा निघालो, डोंगराच्या बाजूने. इथे कुणीच नव्हतं. चालत गेलो, चालत गेलो आणि समोर तळं. पायांचं आणि माझं बोलणं बंद झालंय. मी सांगतो एक, ते जातात तिकडेच.

हेक्टरला पाहिलं. धक्क्यावर. आज तो बसला होता.

११ डिसेंबर

मांड्या गेल्या. दुखत नाही. काहीच नाही.

फर्करने येऊन उंची घेतली, दोरीने. मी म्हटलं, कारभारी, नवा कोट शिवताय का? तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. दोरीची गाठ तीन वेळा सुटली. म्हणाला, माफ कर रे गिब. मी म्हटलं, कशाबद्दल, गाठीबद्दल का? मला खरंच तेवढंच वाटलं. राग येत नाही. राग कुठे असतो ते आठवत नाही.

बाईसाहेब जेवणघरात येऊन जेवल्या. हरणाचं मटण. दोनदा घेतलं.

१४ डिसेंबर

आज पोटापर्यंत. अन्न खाली उतरतं ते कळत नाही. मार्सली भरवते आणि मध्येच ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसते. मी तिला अस्वलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, ते कसं मधासाठी नाचायचं— पुढचं आठवेना.

दिवसभर उभा. खिडकीपाशी. तो पण. नाही, तो बसलेला. पाय पाण्यात सोडून. शाल गुंडाळलीय.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. कंटाळलेला गडी पाळी बदलणाऱ्याकडे बघतो तसं.

१६ डिसेंबर

डावा हात गेला. उजव्याची तीन बोटं चालतात. अक्षर वाईट. पूर्वीही होतं.

सरकार आले. चांगल्या कानाच्या बाजूला मला उभं केलं. हात हातात घेतला, मला दिसलं म्हणून कळलं. म्हणाले, बाळ, तू माझं घर वाचवलंस. तुझ्यासाठी चांगला दगड सांगितलाय, ग्रॅनाइटचा. काही हवं का?

मी विचार करून ठेवलं होतं. म्हटलं, सरकार, माझ्यानंतर कोण? म्हणजे— किती वर्षं? तुम्ही साठीचे. बाईसाहेब पन्नाशीच्या. मी थांबेन. तेवढं थांबेन. फक्त किती ते सांगा.

त्यांनी माझा हात थोपटला. मग म्हणाले, नाही रे. आम्ही एडिनबराला जागा घेतलीय. शहरातलं कबरस्तान आहे, रोज कुणी ना कुणी येतंच, सकाळी पुरलेल्याला संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबावं लागत नाही. ग्रिझेलला, तुझ्या बाईसाहेबांना, मी शब्द दिलाय. हेक्टरचं झालं ते या घरात पुन्हा कुणाचं होणार नाही. त्यालाही तिकडे नेऊ, वसंतात. बेटावर आता तू शेवटचा.

हे त्यांनी आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. त्यांना खरंच आनंद झाला होता.

मी म्हटलं, बरं सरकार.



१७

कॅनडातले कुणी येतील का परत— म्हातारपणी— लोक येतात ना आपल्या मातीत—

फर्करला विचारलं. तो बाहेर निघून गेला.

मार्सलीला म्हटलं, तू घे ना नाव. पीठ देतात. म्हातारी आहेस. फार दिवस नाही. तिने पळी खाली ठेवली. माझ्याकडे बघत मागे मागे गेली. दाराबाहेर गेली.

मी असा नव्हतो.

१८

गळ्यापर्यंत. एकच बोट आणि अंगठा. पेन्सिल बांधून घेतलीय—

वर बाईसाहेब गातायत.

दाराशी माणसं. टोप्या हातात. गिरणीवाला, मोतद्दार, फर्कर. गार फरशीवर उभे, पाय बदलतायत. त्यांचे पाय बदलतात. बोटीत गवत घातलंय मऊ—

बेटावर कुणी नाही. धक्का रिकामा. तो उठून गेला—

वही कोटात ठेवणार. हेक्टरचा कोट, खिसा मोठा. कुणाला सापडली तर— ज्याचं कुणी नाही असा कुणी, हिंडणारा— ऐक. नाव अजून देतात. मी देतो तुला. मॅकलॅरिग. तीन वेळा म्हण फक्त. मोठ्याने. मग इथे ये, फार दूर नाही, खिंड उतरली की तळं. मी धक्क्यावरच आहे. तू आलास की मी लगेच— थोडे दिवस फक्त, तुझ्यानंतरही येईल कुणीतरी, मी पाठवीन, शपथ, मी स्वतः जाऊन बाजारात— म्हण. एकदा म्हण तरी. मॅक